अख्ख्या बियांपासून घरी केलेले दाट हॉट चॉकलेट

‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक डब्यांवरील घटकांची यादी वाचली, तर पहिले नाव साखरेचे असते आणि कोको त्यानंतर येतो. त्या भुकटीचे पेय गोड होते, मुलांना आवडते, परंतु दाट होत नाही. मग दाटपणा यावा म्हणून कोणी त्यात साय घालते, कोणी कॉर्नफ्लोअर लावते, तर कोणी कंडेन्स्ड मिल्क ओतते. हे सगळे करून पाहिल्यावर माझे मत असे झाले की, हॉट चॉकलेटचा दाटपणा बाहेरून आणण्याची वस्तू नव्हे, तो कोकोच्या बीमध्येच असतो. बी अख्खी वापरली, नीट भाजली आणि मन लावून वाटली, तर साय, पीठ यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. गेली काही वर्षे मी हिवाळा सरताना कोकोच्या बिया आणून घरीच चॉकलेटच्या वड्या करते आणि त्या वड्यांचे पेय पावसाळाभर करते. ती सगळी प्रक्रिया येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी भुकटी आणि बी यांतला फरक सांगायला हवा, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. सोललेल्या कोकोच्या बीमध्ये वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक स्निग्धांश असतो. त्यालाच कोको बटर म्हणतात. १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हान हाउटेन कुटुंबाने वाटलेल्या कोकोतून हा स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि मागे उरलेल्या पेंडीची भुकटी करून विकणे शक्य झाले. आजच्या नेहमीच्या कोको पावडरमध्ये साधारण दहा ते बारा टक्केच स्निग्धांश उरलेला असतो. भुकटीमुळे पेय करणे सोपे आणि स्वस्त झाले हे खरे. पण त्याआधी मेक्सिकोत, आणि तेथून गेल्यावर स्पेनमध्ये, चॉकलेट म्हणून जे प्यायले जात असे ते अख्ख्या बीचे होते. मेक्सिकोतील वाहाका प्रांतात आजही बिया भाजून, दालचिनी आणि साखरेबरोबर वाटून, त्याच्या वड्या पाण्यात किंवा दुधात घुसळून पेय करतात. माझी पद्धत मुळात तीच आहे. साधने तेवढी आपल्या घरातली आहेत.

कोको आपल्या देशात पिकतो, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाच्या ध्यानात नसते. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू येथे नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून तो घेतला जातो. सुपारी उत्पादकांसाठी १९७३ मध्ये मंगळूरला स्थापन झालेल्या कॅम्पको या सहकारी संस्थेने पुढे कोकोची खरेदी हाती घेतली आणि १९८६ मध्ये पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना सुरू केला. मी बिया केरळातील इडुक्की जिल्ह्यातून मागवते. एक किलो बिया आणल्या की भाजून आणि पाखडून साधारण पाऊण किलो गर हाती लागतो आणि तो चार माणसांच्या घराला बराच काळ पुरतो.

बिया घेताना त्या आंबवून वाळवलेल्या आहेत की नाही, हे विचारून घ्यावे. फळातून काढलेली बी पांढऱ्या, आंबटगोड गराने वेढलेली असते. ती गरासह पाच ते सात दिवस खोक्यांत किंवा केळीच्या पानांखाली आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. चॉकलेटचा स्वाद ज्या द्रव्यांपासून तयार होतो ती द्रव्ये या आंबवण्यातच बीमध्ये निर्माण होतात, भाजणे नंतरचे. न आंबवलेली बी कितीही कौशल्याने भाजली तरी ती तुरट आणि कडू राहते. म्हणून पुडके आले की मी त्यातल्या काही बिया लांबीच्या दिशेने सुरीने कापून पाहते. आतला भाग तपकिरी आणि भेगाळलेला असेल तर बी चांगली आंबली आहे. तो पाटीसारखा राखी, घट्ट दिसला तर आंबवणे झालेलेच नाही, आणि पूर्ण जांभळा असला तर ते अर्धवट राहिले आहे. थोड्या जांभळ्या बिया प्रत्येक पुडक्यात निघतात, त्याने बिघडत नाही. कच्च्या बियांना व्हिनेगरसारखा वास येतो, तोही दोष नव्हे. आंबवताना तयार झालेले ॲसेटिक आम्ल बीमध्ये उरलेले असते आणि भाजताना त्याचा बराच भाग उडून जातो.

भाजण्याआधी बिया निवडाव्या लागतात. चपट्या, पोकळ, एकमेकींना चिकटलेल्या आणि बुरशी दिसणाऱ्या बिया काढून टाकते. या बिया उघड्यावर आंबवलेल्या आणि खळ्यावर वाळवलेल्या असतात, तेव्हा भाजणे हे केवळ चवीसाठी नसून स्वच्छतेसाठीही आवश्यक आहे. कच्च्या बियांना लावलेले हात आणि भांडी भाजलेल्या गराला लागू देऊ नयेत, एवढे पथ्य मी पाळते.

भाजण्यासाठी जाड बुडाची लोखंडी कढई उत्तम. बियांचा थर दोन बोटांपेक्षा जाड नसावा, म्हणून एक किलो बिया मी चार वेळा करून भाजते. पहिली पाच मिनिटे आच मध्यम ठेवते, त्यानंतर मंद करते आणि हात सतत चालू ठेवते. एका खेपेला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. सुरुवातीला व्हिनेगरचा वास तीव्र होतो, इतका की स्वयंपाकघराची खिडकी उघडावी लागते. मग तो ओसरतो आणि त्याच्या जागी भाजक्या पिठाचा, आणि शेवटी स्पष्ट चॉकलेटचा वास दरवळू लागतो. याच सुमारास बिया तडतडू लागतात. चकलीची भाजणी वर्षानुवर्षे घरी करणाऱ्या माझ्या सासूबाई पहिल्या वेळी शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “वास आला म्हणून लगेच उतरवू नकोस गं, दाणा फोडून चावून बघ. वरून भाजलेला आणि आत कच्चा असला तर वास फसवतो.” त्यांचे म्हणणे कोकोला पुरेपूर लागू पडते. बी जाड असते, तिच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो. म्हणून आच वाढवून वेळ वाचवता येत नाही. फोडलेली बी कुरकुरीत तुटली, साल बोटांनी सहज सुटली आणि चावल्यावर आंबटपणा मागे पडून कडसर खमंग चव आली, की कढई उतरवायची आणि बिया लगेच परातीत पसरायच्या, कारण तापलेल्या लोखंडात त्या भाजतच राहतात. पेयासाठी भाजणे किंचित हलके ठेवलेले मला आवडते. काळपट भाजलेल्या बीमध्ये फळांचा जो मंद आंबूसपणा असतो तो नाहीसा होतो आणि सगळ्या बिया एकसारख्या कडू लागतात.

बिया पूर्ण गार झाल्यावर त्यांच्यावरून लाटणे फिरवते. त्यांचे खडबडीत तुकडे होतात आणि टरफले सुटतात. मग सूप घेऊन पाखडायचे. कोकोची टरफले कागदासारखी पातळ आणि गराचे तुकडे जड असल्याने पाखडणाऱ्या हाताला हे काम अगदी सोपे जाते. गच्चीवर संध्याकाळचा वारा असेल तर आणखी सोपे. बीच्या वजनाचा साधारण बारा ते पंधरा टक्के भाग टरफलांचा असतो. ती राहिली तर वाटण खरखरीत होते आणि पेयात मातकट चव उतरते, म्हणून सुपातून काढल्यावरही मी गर एकदा ताटात पसरून निवडते. बीच्या एका टोकाला काडीसारखा कडक कोंब असतो, तोही दिसेल तेवढा काढून टाकावा. टरफले कुंड्यांतल्या मातीवर पसरता येतात. मात्र घरात कुत्रा असेल तर ती त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी, कारण कोकोमधील थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी ठरते.

आता वाटण. या कामाचा खरा कस येथे लागतो. वाटण जितके बारीक, तितके पेय मऊ. कारखान्यातील चॉकलेटचे कण साधारण वीस मायक्रॉनपर्यंत बारीक केलेले असतात. कण तीस मायक्रॉनच्या वर गेले की जिभेला रवाळ लागू लागतात. घरच्या मिक्सरला ती मजल गाठता येत नाही. ज्यांच्याकडे इडली-डोशाचे पीठ वाटण्याचा दगडी ग्राइंडर आहे त्यांना हे जाणून आनंद वाटेल की, कोइम्बतूरला बनणाऱ्या अशा ग्राइंडरवर देशातल्याच नव्हे, तर परदेशांतल्या अनेक लहान चॉकलेट उत्पादकांनी आपले काम उभे केले. तेथे वाटण चोवीस तास आणि त्याहूनही अधिक चालते, आणि त्यासाठी मोटर व उष्णता यांचा विचार करून फेरफार केलेली यंत्रे वापरतात. घरचा ग्राइंडर इतका वेळ चालवणे मला योग्य वाटत नाही. मी आधी मिक्सर आणि मग पाटा-वरवंटा वापरते.

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात गराचे तुकडे घालून थोडे थोडे थांबत फिरवले, की प्रथम जाडसर कूट होते, मग ते ओलसर दिसू लागते आणि भांड्याच्या कडांना चिकटते. त्यात पाण्याचा थेंबही नसतो. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते आणि पात्याच्या घर्षणाने तेवढी उष्णता सहज मिळते. कडा खरवडून पुन्हा फिरवावे. काही वेळाने सगळा गर चकचकीत, सरसरीत लगद्यासारखा होतो. कोरड्या, कडक तुकड्यांतून असा वाहता लगदा निघताना पाहणे हा या सगळ्या खटाटोपातील माझा सर्वांत आवडता भाग आहे.

तो लगदा पाट्यावर घेण्याआधी पाट्याची तयारी लागते. ज्या पाट्यावर लसूण-मिरचीचे वाटण होते तो येथे चालत नाही. स्निग्ध पदार्थ वास फार लवकर ओढून घेतो. माझ्याकडे आईचा लहान पाटा आहे, तो मी याच कामासाठी ठेवला आहे. टाकी लावून घेतली असेल तर आधी त्यावर मूठ-दोन मूठ तांदूळ वाटून टाकून द्यावेत, म्हणजे दगडाची सुटी कच निघून जाते. दुसरी गोष्ट उष्णतेची. थंड दगडावर कोको बटर लगेच गोठते आणि वरवंटा पुढे सरत नाही. मेक्सिकोत यासाठी वाटायच्या दगडाखाली निखारे ठेवतात. मी पाटा आणि वरवंटा दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवते. पुण्यात याला फेब्रुवारीचा उत्तरार्ध सर्वांत सोयीचा, कारण दुपारचे ऊन दगड चांगला तापवते आणि रात्रीचा गारवा वड्या फ्रिजशिवाय घट्ट करतो. एप्रिल-मेमध्ये वाटणे सोपे जाते, पण वड्या थिजत नाहीत. भर पावसाळ्यात दोन्ही अवघड.

तापलेल्या पाट्यावर एका वेळी मूठभर लगदा घेऊन, वरवंट्यावर भार देऊन, पुढे लांबवर ओढत वाटायचा आणि पुन्हा गोळा करायचा. अर्ध्या तासाने बोटांच्या चिमटीत चोळून पाहिले की फरक कळतो. खांदे भरून येतात हे खरे आहे, म्हणून घरात दोघे-तिघे असले की आळीपाळीने बसावे. शेवटच्या टप्प्यात साखर घालायची. मी ७० भाग कोकोला ३० भाग साखर घेते. साखर घरी कोरड्या भांड्यात बारीक दळलेली असावी. या वेळी पाण्याबाबत फार दक्ष राहावे लागते. ओला हात किंवा ओलसर वरवंटा लागला, तर त्या थेंबभर पाण्यात साखर विरघळते, तिच्या चिकटपणाने कोकोचे कण एकमेकांना धरतात आणि वाहता लगदा क्षणात घट्ट गोळा होतो. गूळही याच कारणाने वाटणात घालता येत नाही, कारण त्यात स्वतःची ओल असते.

मसाल्यांत मी दालचिनी आणि चिमूटभर मीठ एवढेच घालते. दालचिनी कोकणातली, पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरता येणारी घ्यावी. जाड, एकाच सालीची दालचिनी तिखट आणि दांडगी लागते. मेक्सिकोतही चॉकलेटसाठी पातळ सालीचीच दालचिनी पसंत करतात. वेलची मला कोकोबरोबर आवडत नाही. ती घातली की पेय बासुंदीच्या दिशेने जाते आणि बी मागे पडते. जायफळ चालते, पण प्यायच्या वेळी वरून किसावे.

वाटण झाले की ताटाला काही न लावता त्यावर बटर पेपर पसरून, चमच्याने साधारण तीस ग्रॅमच्या वड्या घालते. रात्रीतून त्या थिजतात. कारखान्यातील चॉकलेटसारखी चकाकी त्यांना येत नाही आणि काही दिवसांनी वर पांढुरकी झाकही दिसते. ती बुरशी नव्हे. कोको बटर पृष्ठभागावर येऊन पुन्हा स्फटिकरूप घेते, एवढेच. वडी खायची नसून विरघळवायची असल्याने त्याची फिकीर करू नये.

आता प्रत्यक्ष पेय. एका माणसाला एक वडी आणि १५० मिलिलिटर द्रव हे माझे प्रमाण आहे. दूध कोणते घ्यावे याचा विचार आवर्जून करावा. एका वडीत सुमारे २१ ग्रॅम कोको, म्हणजे दहा-अकरा ग्रॅम स्निग्धांश आधीच आहे. त्यात १५० मिलिलिटर म्हशीचे दूध घातले, तर साधारण तेवढाच स्निग्धांश आणखी येतो आणि अर्ध्या पेल्यातच मन भरते. गाईचे दूध घेतले तर ही भर जवळपास निम्म्यावर येते. म्हणून मी गाईचे दूध वापरते, किंवा म्हशीच्या दुधात तितकेच पाणी घालते, आणि साय तर कधीच घालत नाही. तिची चव कोकोवर पसरते आणि बीमधील बारकावे झाकते.

पातेल्यात आधी प्रत्येकी दोन मोठे चमचे पाणी गरम करून त्यात वडी कुस्करून टाकते. पहिल्या क्षणी ती विरघळण्याऐवजी घट्ट गोळा होते. येथे घाबरून आच वाढवू नये. आणखी चमचाभर गरम पाणी घालून घोटत राहावे. पाणी पुरेसे झाले की तो गोळा एकदम सैल पडतो आणि काळाभोर, तकतकीत, मऊ रस तयार होतो. आता पाणी चहूकडे पसरलेले आणि स्निग्धांश त्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने विखुरलेला असतो. हा टप्पा नीट साधला तर पुढे पेयावर तेलाचा तवंग येत नाही. सगळे दूध एकदम ओतून त्यात वडी टाकली, तर ती विरघळते, पण तवंग येतो आणि तळाला गाळ बसतो. रस तयार झाल्यावर गरम दूध तीन वेळा करून घालते, प्रत्येक वेळी आधीचे पूर्ण एकजीव झाल्यावरच.

मग मंद आचेवर चार-पाच मिनिटे, कडेला बुडबुडे येतील इतपतच तापवायचे. कोकोत मुळातच थोडा स्टार्च असतो. तो या वेळात फुगतो आणि पेय आपोआप दाट होते, वाटणातले उरलेसुरले कणही मऊ पडतात. घाई नसेल तर गॅस बंद करून पातेले दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि पुन्हा तापवावे. दाटपणा आणखी वाढतो, आणि माझ्या मते चवही बसते. गूळ घालायचा असेल तर तो गॅस बंद केल्यावर, थोडे निवल्यावर घालावा. कोको स्वतः किंचित आम्लधर्मी असतो, त्यात उकळत्या दुधात गूळ पडला तर दूध फाटण्याचा धोका असतो.

शेवटचे काम घुसळण्याचे. मेक्सिकोत यासाठी मोलिनियो नावाची लाकडी घुसळणी दोन्ही तळव्यांत फिरवतात. त्याआधीच्या काळात माया लोक पेय एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेस काढत, आणि तसे करणारी स्त्री त्यांच्या आठव्या शतकाच्या सुमाराच्या एका रंगवलेल्या भांड्यावर चितारलेलीही आहे. माझ्याकडे ताकाची लहान लाकडी रवी आहे. उंच, अरुंद पातेल्यात ती दोन-तीन मिनिटे तळव्यांत फिरवली, की वर बोटभर जाड, तपकिरी, टिकणारा फेस येतो. फेस केवळ शोभेचा नाही. घुसळल्याने स्निग्धांशाचे थेंब आणखी बारीक होतात आणि पेय जिभेवर जड न लागता दाट लागते. विजेवर चालणारी छोटी घुसळणीही चालेल, पण तिचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि लवकर बसतो.

पेले लहान घ्यावेत. थिओब्रोमिनबरोबर कोकोत थोडे कॅफिनही असते, तेव्हा मुलांना हे पेय संध्याकाळीच द्यावे, झोपताना नको. त्यांच्यासाठी अर्धी वडी आणि चमचाभर जास्त साखर पुरते. ज्यांना बिया मिळणार नाहीत त्यांनी चॉकलेटची लादी घेताना वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत. कोको मास किंवा कोको सॉलिड्स, कोको बटर आणि साखर एवढेच घटक असतील तर वरील कृतीने पेय उत्तम होते. ‘कंपाउंड’ म्हणून विकली जाणारी लादी स्वस्त असते, पण तिच्यात कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असते. तिचे पेय टाळूला मेणासारखे चिकटते आणि कितीही घुसळले तरी ते जात नाही.

उरलेल्या वड्या कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकण लावून, मसाल्यांच्या फडताळापासून दूर ठेवाव्यात. मे महिन्यात त्या मऊ पडल्या तर बरणी फ्रिजमध्ये ठेवता येते. मात्र बाहेर काढल्यावर ती घरातल्या हवेइतकी उबदार होईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर गार वड्यांवर बाष्प जमते आणि त्यांतली साखर पाझरू लागते. अशा रीतीने ठेवलेल्या वड्या आमच्याकडे श्रावण संपेपर्यंत चांगल्या राहतात.